डायनॅमिक डिस्क 'फॉरेन' दिसायला लागली तेव्हा: आमच्या नाटकांचा संग्रह परत मिळवताना

तुमच्या विंडोज संगणकाच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये (डिस्कांची यादी दाखवणारी विंडोजचीच सोय) एखाद्या डिस्कवर 'डायनॅमिक' आणि त्याखाली 'फॉरेन' किंवा 'इनव्हॅलिड' असं लिहून आलं असेल, तर हे वाचून होईपर्यंत कशावरही क्लिक करू नका. 'इनिशियलाइझ' नको, 'कन्व्हर्ट टू बेसिक डिस्क' नको, 'फॉरमॅट' तर नकोच. आतलं सगळं बहुधा शाबूत असतं. 2025 च्या पावसाळ्यात मी यातून गेले तेव्हा मराठीतून समजावणारं कोणी सापडलं नाही, म्हणून तारखा, खर्च आणि कागदपत्रांसकट लिहून ठेवतेय.

माशेलजवळच्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवात दरवर्षी मराठी नाटक होतं. मी त्या नाट्यमंडळाची चिटणीस. व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेले प्रयोग, नंतरच्या काळातली डिजिटल रेकॉर्डिंग, आणि हस्तलिखित वह्यांचे स्कॅन, प्रॉम्प्टरने लाल पेनने केलेल्या खुणांसकट, हे सगळं माझ्या घरच्या डेस्कटॉपवर होतं. त्यातले कितीतरी नट आता हयात नाहीत. माझे वडील ज्यात पदं म्हणतात तो प्रयोगही तिथेच, आणि त्याची मूळ कॅसेट बुरशीने केव्हाच गेलेली. गोव्याच्या हवेत कॅसेट टिकत नाही, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

संगणक 2013 मध्ये भाच्याने जुळवून दिला होता. विंडोज 7 प्रोफेशनल, विंडोजसाठी एक छोटी एसएसडी, आणि संग्रहासाठी एक-एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क. त्या दोन डिस्क मिळून त्याने एकच 'ई' ड्राइव्ह केली होती. मला दोन अक्षरांत विभागलेला संग्रह सांभाळावा लागू नये, हा त्याचा हेतू. बारा वर्षं ती ड्राइव्ह विनातक्रार चालली. ती आतून 'डायनॅमिक' आहे हे कळायची कधी गरजच पडली नाही.

2025 चा पाऊस मे महिन्यातच आला. जूनच्या सुरुवातीला एका रात्री विजांचा कडकडाट झाला, लाईट गेले, आले, पुन्हा गेले आणि सकाळी संगणक सुरू होईना. मदरबोर्ड जळला होता. इतका जुना बोर्ड आता मिळत नाही आणि मिळाला तरी घेऊ नका, असं दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं. त्यात मला काही वाईट वाटलं नाही. संगणक नवा घेता येतो, डिस्क तर सुरक्षित होत्या.

खरी धडकी भरली ती शहरातल्या एका दुकानात. तिथल्या मुलाने दोनपैकी एक डिस्क यूएसबी डॉकमध्ये घातली आणि लॅपटॉपला जोडली. माय कॉम्प्युटरमध्ये काहीच दिसेना. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती 'डायनॅमिक', 'इनव्हॅलिड' अशी दिसली. "मॅडम, डिस्क करप्ट आहे. फॉरमॅट केली की चालेल," तो म्हणाला. राइट-क्लिक केल्यावर 'कन्व्हर्ट टू बेसिक डिस्क' हा पर्याय उजळ दिसत होता आणि त्याचा माउस त्याच्यावर होता. मी त्याला थांबवलं, स्क्रीनचा फोटो काढला, तपासणीचे 300 रुपये दिले आणि डिस्क घेऊन घरी आले. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं की डेटा गेल्यास दुकान जबाबदार नाही. माझी कळकळीची सूचना: डिस्क कुठेही देताना पावतीवर आपल्या हाताने लिहा, 'फॉरमॅट, इनिशियलाइझ किंवा कन्व्हर्ट करू नये', आणि त्याखाली दुकानदाराची सही घ्या. तोंडी सांगितलेलं काउंटरवरचा माणूस बदलला की विसरलं जातं.

गोव्याबाहेरच्या एका डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेला मी स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यांचा अंदाज आला 28,000 ते 40,000 रुपये, शिवाय कुरियर आणि 18 टक्के जीएसटी. सोबत फॉर्म होता: ओळखपत्राची प्रत, डिस्क माझ्याच मालकीची असल्याचं घोषणापत्र, आतली माहिती पाहायची संमती, आणि डिस्क उघडावी लागल्यास तिची वॉरंटी जाईल हे मान्य असल्याची सही. फॉर्म वाचून मला बरंच वाटलं, कारण काय होऊ शकतं हे त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. पण एवढी रक्कम मंडळाच्या खात्यातून काढायची तर समितीचा ठराव हवा आणि ठरावासाठी निदान दोन कोटेशन हवीत. दुसरं कोटेशन येईपर्यंत जून संपला. त्या वाट पाहण्याच्या दिवसांत रात्री झोप लागत नसे. वडिलांचा आवाज त्या डब्यात आहे आणि आपल्याला तो ऐकता येत नाही, हेच डोक्यात फिरायचं.

त्याच काळात मी डायनॅमिक डिस्क म्हणजे काय ते समजून घेतलं. भाचा आता इंग्लंडमध्ये असतो. त्याची रविवारची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, तेव्हा फोनवर त्याने पहिला धागा दिला: "मामी, दोन्ही डिस्क एकत्र आणि थेट सॅटा केबलने जोडल्याशिवाय काही दिसणार नाही." सॅटा म्हणजे डिस्क संगणकाच्या आत थेट मदरबोर्डला जोडायची केबल.

साधी डिस्क, म्हणजे 'बेसिक', आपल्या विभाजनांचा तक्ता स्वतःपुरता ठेवते. कुठल्याही संगणकाला जोडा, ती स्वतःची ओळख सांगते. डायनॅमिक डिस्कची पद्धत विंडोज 2000 पासून आली. तिच्यामागच्या यंत्रणेचं नाव लॉजिकल डिस्क मॅनेजर, आणि ती मायक्रोसॉफ्टने व्हेरिटास या कंपनीबरोबर तयार केली होती. या पद्धतीत एका संगणकातल्या डायनॅमिक डिस्कांचा मिळून गट बनतो. प्रत्येक डिस्कवर एक एमबीची छोटी नोंदवही असते. विभाजनांचा तक्ता जुन्या एमबीआर धाटणीचा असेल तर ती डिस्कच्या अगदी शेवटी असते, नव्या जीपीटी धाटणीच्या डिस्कवर तिच्यासाठी वेगळा विभाग असतो. गटात कुठल्या डिस्क आहेत आणि कोणता व्हॉल्यूम (आपल्याला 'ई'सारखी एक ड्राइव्ह म्हणून दिसणारा भाग) कुठून कुठे पसरलाय, हे तिच्यात लिहिलेलं असतं. गटातल्या प्रत्येक डिस्कवर हीच नोंद असते.

मी ते माझ्या मनाशी असं बसवलं: एका नाटकाचं हस्तलिखित दोन वह्यांत आहे, तिसरा अंक मध्येच तुटून दुसऱ्या वहीत जातो, आणि दोन्ही वह्यांच्या शेवटच्या पानावर 'हे नाटक या दोन वह्यांत आहे' असं लिहिलेलं आहे. एकच वही हातात आली तर नाटक अपुरं आहे एवढंच कळतं, प्रयोग लावता येत नाही.

व्हॉल्यूमचे प्रकार पाच. 'सिंपल' एकाच डिस्कवर. 'स्पॅन्ड' म्हणजे आमचा, एक डिस्क भरली की पुढचं दुसरीवर. 'स्ट्राइप्ड'मध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे सगळ्या डिस्कांवर पाळीपाळीने पडतात, त्यामुळे वेग वाढतो. 'मिरर्ड'मध्ये दोन डिस्कांवर तंतोतंत तेच. आणि 'रेड-5', ज्यात तीन किंवा अधिक डिस्क लागतात आणि एक गेली तरी माहिती वाचते. ही शेवटची सोय विंडोजच्या सर्व्हर आवृत्त्यांसाठी आहे. स्पॅन्ड आणि स्ट्राइप्डमध्ये एकही डिस्क गेली तर पूर्ण व्हॉल्यूम कोसळतो. हे वाचल्यावर दोन्ही डिस्क मी एकाच जाड डब्यात, मध्ये फोम घालून, वर 'पहिली' आणि 'दुसरी' असं लिहून ठेवल्या. कुठल्या पोर्टला कोण होती ते महत्त्वाचं नसतं, नोंदवही ते सांभाळते. पण एकीला सोडून दुसरी कुठे जाता कामा नये.

यूएसबी डॉकमध्ये 'इनव्हॅलिड' का दिसलं तेही उलगडलं. यूएसबीने जोडलेल्या आणि काढता येणाऱ्या डिस्कांसाठी डायनॅमिकची सोयच नाही. एक्सपी होमसारख्या घरगुती आवृत्त्यांतही ती नव्हती. तेव्हा विंडोजची प्रो आवृत्ती असलेला डेस्कटॉप शोधा, ज्याच्या बोर्डवर निदान दोन सॅटा जागा मोकळ्या आहेत. लॅपटॉपवर वेळ घालवू नका.

मंडळात प्रकाशयोजना करणारा एक मित्र फोंड्याला राहतो, त्याच्याकडे विंडोज 11 प्रोचा डेस्कटॉप आहे. समितीला मी लेखी कळवलं की प्रयोगशाळेआधी हा मार्ग करून पाहते, त्याला फक्त साठवणीच्या डिस्कांचा खर्च येईल. 5 जुलैच्या बैठकीत मंजुरी मिळाली. चार टीबीची बाहेरून जोडायची डिस्क 10,400 रुपयांना, दोन टीबीची 6,600 रुपयांना, सॅटा केबल 120 रुपये आणि एक पेनड्राइव्ह 400 रुपये. बिल मंडळाच्या नावावर घेतलं आणि त्यावर डिस्कचा सिरियल क्रमांक छापून घेतला. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर बिल आणि सिरियल क्रमांक दोन्ही लागतात, आणि हिशेबनीसाला नावाशिवायचं बिल चालत नाही.

मित्राचा आग्रह होता की मूळ डिस्कांना हात लावण्याआधी त्यांची हुबेहूब प्रत घ्यायची. 'इम्पोर्ट' केल्यावर, म्हणजे परक्या डिस्क या संगणकाच्या गटात घेतल्यावर, विंडोज त्या नोंदवहीत लिहितं, म्हणजे तेवढ्यापुरती मूळ डिस्क बदलतेच. मला हे शंभर टक्के पटलं, आणि पुढे त्याच्याच जोरावर एक प्रयोग वाचला.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या साधनाने डिस्कांची प्रकृती पाहिली. पहिली डिस्क ठणठणीत. दुसरीवर पिवळा 'कॉशन', वाचता न येणारे काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, प्रतीक्षेत. असं दिसलं तर विंडोजमधलं चेकडिस्क हे साधन चालवायचा मोह टाळा. चेकडिस्क फाइलींची रचना दुरुस्त करायला जातं, खिळखिळ्या डिस्कवर त्याने असलेलंही जाऊ शकतं. आधी प्रत, मग बाकी सगळं.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू या मोफत साधनाने प्रत घेतली. ते आधी चांगला भाग झपाट्याने वाचून घेतं आणि हट्टी जागा शेवटी पुन्हा पुन्हा वाचून पाहतं. सोबत एक 'मॅप' फाइल ठेवतं, कुठपर्यंत वाचलं त्याची. आज्ञा देताना तिचं नाव द्यायला विसरू नका. पहिली डिस्क तीनेक तासांत उतरली. दुसरी रात्रभर चालली आणि पहाटे लाईट गेले. यूपीएसने संगणक नीट बंद करण्यापुरता वेळ दिला. सकाळी त्याच मॅप फाइलवरून काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. पावसाळ्यात गोव्यात असलं लांबलचक काम करणाऱ्याला मॅप फाइल आणि यूपीएस दोन्ही हवेतच. शेवटी एक छोटासा भाग वाचला गेला नाही, काही केबी इतकाच. आणखी एक बारीक गोष्ट: प्रत ठेवायची डिस्क फॅट32 या जुन्या फॉरमॅटमध्ये असू नये, तिथे चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि ही एकेक फाइल 931 जीबीच्या आसपास जाते.

मग दोन्ही मूळ डिस्क सॅटाने जोडून विंडोज सुरू केलं. विंडोजची कळ आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडलं. दोन्ही डिस्क पिवळ्या खुणेसह 'फॉरेन'. दुसऱ्या संगणकाच्या गटातून आलेल्या आहेत एवढाच त्याचा अर्थ, घाबरायचं कारण नाही. एकीवर राइट-क्लिक, 'इम्पोर्ट फॉरेन डिस्क्स'. पुढच्या चौकटीत गटातल्या डिस्क दिसतात, आणि त्यानंतर व्हॉल्यूमची यादी. इथे जरा थांबून 'कंडिशन'चा रकाना वाचा. आम्हाला तिथे 'डेटा इनकम्प्लीट' दिसलं. माझे हात गार पडले. याचा अर्थ असा की व्हॉल्यूमचा काही भाग जिच्यावर आहे ती डिस्क हजर नाही, आणि तसंच पुढे गेलात तर तो व्हॉल्यूम नष्ट होईल. मित्राने 'कॅन्सल' केलं, संगणक बंद केला, दुसऱ्या डिस्कची केबल काढून नवी लावली. जुनी सैल होती, म्हणून डिस्क मध्येच तुटली असणार. पुन्हा सुरू केल्यावर त्याच रकान्यात 'ओके' आलं. तेव्हा कुठे आम्ही पुढे गेलो.

दोन्ही डिस्कांवर जांभळी पट्टी आली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये स्पॅन्ड व्हॉल्यूमचा रंग जांभळा असतो. 1.82 टीबी, एनटीएफएस, 'हेल्दी'. फोल्डर उघडले आणि नाटकांची नावं वर्षानुसार खाली उतरत गेली. त्या क्षणी मी काही बोलले नाही, बोलता आलंच नाही.

कॉपी करताना तीन अडचणी आल्या, त्या कोणालाही येतील. काही फोल्डरांवर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं, कारण ते जुन्या संगणकावरच्या माझ्या खात्याच्या मालकीचे होते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून मालकी आपल्याकडे घेता येते. दुसरी अडचण नावांच्या लांबीची. आमच्या फोल्डरांची नावं मराठीत, नाटक, स्थळ, प्रयोगाची तारीख, नटसंच असं सगळं भरलेलं. एकूण मार्ग 260 चिन्हांच्या पुढे गेला की फाइल एक्सप्लोरर अडतो, आणि देवनागरीत काना, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. त्यामुळे आपली मर्यादा दिसते त्यापेक्षा लवकर भरते. विंडोजमधलंच रोबोकॉपी हे आज्ञेने चालणारं कॉपीचं साधन लांब मार्ग बिनतक्रार हाताळतं. तिसरी गोष्ट रोबोकॉपीबद्दलच: एखादी फाइल वाचता आली नाही तर, आपण वेगळं सांगितलं नसेल तेव्हा, ते दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर प्रयत्नामागे तीस सेकंद थांबतं. आजारी डिस्कवर हे घातक आहे. प्रयत्न एक आणि थांबा एक सेकंद असं ठरवून द्या, लॉग फाइल मागा, मग लॉगमध्ये काय राहिलं ते शांतपणे पाहा.

लॉगमध्ये एकच व्हिडिओ राहिल्याचं आलं, 2008 च्या उत्सवातला. तो नेमका दुसऱ्या डिस्कच्या खराब भागावर होता. मूळ डिस्क त्यावर अडकत होती, पण आमच्याकडे तिची प्रत होती. लिनक्समध्ये दोन्ही प्रती डिस्क म्हणून जोडल्या आणि एलडीएमटूल नावाच्या साधनाला गट जुळवायला सांगितलं. त्याने ती एक एमबीची नोंदवही वाचून अख्खा स्पॅन्ड व्हॉल्यूम उभा केला. तो फक्त वाचण्यापुरता जोडून व्हिडिओ उतरवून घेतला. दुसऱ्या अंकात एके ठिकाणी चित्र क्षणभर फुटतं, आवाज मात्र सलग आहे. म्हणजे ज्यांच्याकडे प्रो विंडोज नाही त्यांनाही लिनक्सचा हा रस्ता आहे, आणि मूळ डिस्कवर काहीही न लिहिता. पुन्हा वेळ आली तर मी आधी हाच वापरीन.

संग्रह साधारण 1.1 टीबी भरला. तो चार टीबीच्या डिस्कवर प्रतींशेजारी बसला आणि दोन टीबीच्या डिस्कवर त्याची दुसरी प्रत झाली. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवले, मोठ्या व्हिडिओंचे एसएचए-256 ठसे (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला आकडा, प्रत हुबेहूब असेल तर तोच येतो) ताडून पाहिले, आणि मंडळातल्या तिघांनी वाटून घेऊन व्हिडिओ चालवून पाहिले. हे सगळं संपेपर्यंत ऑगस्ट उजाडला. चतुर्थी 27 ऑगस्टला होती, तिच्या आधी मला यातून मोकळं व्हायचं होतं.

राहिलं जुन्या डिस्कांचं. बेसिकवरून डायनॅमिकवर जाताना माहिती टिकते, पण परत यायचं तर विंडोजमध्ये सगळे व्हॉल्यूम पुसावेच लागतात. बाजारातली काही साधनं न पुसता बदलून देतो म्हणतात, मी त्या वाटेला गेले नाही. पहिल्या डिस्कवरचा व्हॉल्यूम काढला, मग डिस्कच्या नावावर राइट-क्लिक करून 'कन्व्हर्ट टू बेसिक डिस्क'. जून महिन्यात ज्या पर्यायाने माझा श्वास अडकला होता तोच पर्याय आता योग्य जागी होता. खात्री करायची असेल तर डिस्कपार्ट या विंडोजच्या आज्ञांनी चालणाऱ्या साधनात डिस्कांची यादी मागा. 'डिन' या रकान्यात तारा असेल तर डिस्क अजून डायनॅमिक आहे. दुसरी डिस्क 'क्लीन ऑल' आज्ञेने पूर्ण शून्यांनी भरून पुसली आणि ई-कचऱ्यात दिली. ही आज्ञा डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर पुसते, त्यामुळे आधी निवडलेल्या डिस्कचा क्रमांक आणि आकार दोघांनी मोठ्याने वाचून मगच एंटर दाबा.

नव्याने कोणी दोन डिस्क जोडून एक ड्राइव्ह करायच्या विचारात असेल तर डायनॅमिककडे जाऊ नका. मायक्रोसॉफ्टनेच ही पद्धत आता मोडीत काढली आहे, अपवाद फक्त बूट व्हॉल्यूमच्या मिररचा. तिच्या जागी विंडोज 8 पासून स्टोरेज स्पेसेस ही डिस्क एकत्र जोडायची सोय आहे. आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये काही करताना 'निवडलेली डिस्क डायनॅमिकमध्ये बदलली जाईल' असा इशारा आला तर 'नो' म्हणा. जुन्या एमबीआर डिस्कवर चार प्रायमरी विभाग आधीच असले आणि पाचवा करायला गेलात की हा इशारा हमखास येतो, लॅपटॉपवर 'डी' ड्राइव्ह काढून देताना पुष्कळांच्या डिस्क अशाच डायनॅमिक झाल्या आहेत.

आमचा एकूण खर्च 17,820 रुपये झाला, दुकानातली तपासणी धरून. त्याचा हिशेब बिलांसह मंडळाच्या फाइलीला जोडला आहे. चार टीबीची डिस्क माझ्याकडे असते, दोन टीबीची फोंड्याला मित्राकडे. दोन्ही साध्या बेसिक, एकेकट्या, कुठल्याही संगणकाला लावल्या की उघडणाऱ्या. दर उत्सवानंतर नवं रेकॉर्डिंग दोन्हींवर चढवायचं आणि कोणी कधी चढवलं त्याची नोंद इतिवृत्ताच्या वहीत करायची, असा ठराव समितीने केला आहे.